अंगणात येणारी मांजरे : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमचे घर विलेपार्ले पूर्व येथील एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर असून मागे सुमारे 20 फूट लांब आणि 10 फूट रुंद अंगण आहे. तेथे मी कोथिंबीर, मेथी, अळू आणि चार गुलाब लावले आहेत. गेल्या वर्षभरापासून चार-पाच मांजरे रोज रात्री येऊन वाफे उकरतात व तेथेच घाण करतात. बोके दारावर आणि भिंतीवर मूत्र उडवतात, त्याची दुर्गंधी स्वयंपाकघरापर्यंत येते. फिनेल ओतून पाहिले, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, मिरचीपूडही टाकली. उपयोग झाला नाही. आता शेजारी सुचवत आहेत की मांजरे पोत्यात घालून वर्सोव्याच्या मासळी बाजाराकडे सोडून यावीत. मांजरांना इजा व्हावी असे मला वाटत नाही, परंतु माझे अंगण मला परत हवे आहे. मी काय करावे?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : प्रथम आपण केलेले तिन्ही उपाय थांबवावेत अशी विनंती करतो. फिनेलमधील फिनॉल वर्गातील द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार कमी असते. ओल्या फरशीवरून चालून गेलेले मांजर पुढे पंजे चाटते आणि ते विष त्याच्या पोटात जाते. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलीनही मांजरांना विषारी आहे, आणि अंगणात खेळणाऱ्या लहान मुलाने अशी गोळी तोंडात घातली तर त्याच्याही जिवावर बेतू शकते. मिरचीपूड पंजांवाटे डोळ्यांत जाते, म्हणजे तो निव्वळ छळ होतो. एवढे करून मांजर येण्याचे थांबत नाही, कारण ते ज्यासाठी येते ते अंगणात तसेच राहिलेले असते.

मांजर परक्या अंगणात मुख्यतः तीन गोष्टींसाठी येते : खाणे, शौचासाठी कोरडी भुसभुशीत माती आणि निवाऱ्याची जागा. आपल्या अंगणात यांपैकी दुसरी गोष्ट निश्चितच आहे. पहिलीबद्दल मी आपल्यालाच विचारतो. आपल्या घरी मासे धुतलेले पाणी गुलाबांना घालता का? मुंबईतील अनेक मराठी घरांत ही जुनी रीत आहे आणि रोपांना तिचा लाभही होतो, परंतु त्या वासाचे आमंत्रण शेजारच्या चार इमारतींपर्यंत पोहोचते. बाजारात मिळणारे हाडांचे व मासळीचे खतही तेच काम करते. ही खते बंद करून शेणखत किंवा गांडूळखत वापरावे, ओला कचरा रात्री उघड्या बादलीत ठेवू नये, आणि घरातील कोणी भिंतीपाशी उरलेला भात व माशांचे काटे टाकत असेल तर तेही बंद करावे. हा बदल केल्याशिवाय पुढील उपायांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मातीकडे वळू, कारण आपल्या त्रासाचे मूळ तेथेच आहे. मांजर विष्ठा पुरते आणि त्यासाठी त्याला सहज उकरता येईल अशी जागा लागते. कोथिंबिरीसाठी आपण माती बारीक करून वाफा तयार करतो, तेव्हा मांजराच्या दृष्टीने त्याहून उत्तम जागा दुसरी नसते. मातीत कोकोपीट मिसळलेले असेल तर ते आणखी मोहात पडते. यावर सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी. बी पेरल्यानंतर ती वाफ्यावर आडवी अंथरावी, कडा मातीत दोन इंच दाबाव्यात आणि कापलेली टोके वर राहणार नाहीत अशी दुमडावीत. कोथिंबीर व मेथी जाळीच्या भोकांतून सहज वर येतात, मांजराला मात्र पाय रोवून उकरता येत नाही. गुलाबांच्या बुंध्याशी मुठीएवढे गोटे दाटीने मांडावेत किंवा नारळाच्या करवंट्या पालथ्या ठेवाव्यात; पावसाळ्यात करवंट्यांत पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून त्या पालथ्याच असल्या पाहिजेत. मुलुंडला माझ्या स्वतःच्या वाफ्यावर मी जाळी अंथरतो, आणि जो कोपरा उघडा राहतो तेवढाच उकरलेला सापडतो. आणखी एक सोपी गोष्ट अशी की मांजराला ओली माती आवडत नाही, म्हणून उन्हाळ्यात झाडांना पाणी सकाळऐवजी सूर्यास्तानंतर घालावे, जेणेकरून रात्रभर वाफा ओला राहील.

संत्र्या-लिंबाच्या साली आणि कॉफीचा चोथा यांचा सल्ला आपल्याला अनेकांकडून मिळेल. लिंबूवर्गीय वास बऱ्याच मांजरांना आवडत नाही हे खरे आहे, परंतु साल वाळली की वास संपतो, आणि मुंबईच्या पावसात तर तो एक रात्रही टिकत नाही. मानवी कानाला ऐकू न येणारा तीव्र आवाज करणारी यंत्रे मिळतात. मनुष्याला सुमारे 20 किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मांजराला 60 किलोहर्ट्‌झच्याही वर ऐकू येते, या फरकावर ती चालतात. त्यांचा उपयोग काही प्रमाणात होतो, पण काही मांजरे त्याला सरावतात. हालचाल टिपून अचानक पाण्याचा फवारा सोडणारे यंत्र अधिक परिणामकारक असते; मात्र त्याला नळीत सतत दाब असलेले पाणी लागते, आणि जेथे पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते तेथे ते गच्चीवरील टाकीच्या जोडणीशिवाय चालणार नाही.

भिंतीची उंची वाढवून फारसे साधत नाही, कारण पाच-सहा फुटांची भिंत धडधाकट मांजर सहज चढते. भिंतीच्या माथ्यावर तार ताणून तिच्यावर सैल फिरणारा पीव्हीसीचा पाइप ओवला, तर पंजा टेकताच पाइप फिरतो आणि मांजराला पकड मिळत नाही. यासाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. भिंतीवर काचा मात्र लावू नयेत. भिंतीलगत झाडाची फांदी, जुने पिंप किंवा पत्र्याची शेड असेल तर पाइप लावूनही मांजर तेथूनच आत उतरेल, हे आधी तपासून घ्यावे.

बोक्याचे मूत्र ही वेगळी बाब आहे. ती त्याच्या हद्दीची खूण असते, आणि खूण पुसट झाली की तो ती पुन्हा ताजी करतो. साध्या पाण्याने तिचा वास पूर्ण जात नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमयुक्त द्रावण मिळते. ते दारावर व भिंतीवर भरपूर लावून सुकू द्यावे. अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, कारण त्याचा वास मूत्राशी मिळताजुळता असतो.

शेजाऱ्यांनी सुचवलेला मार्ग आपण स्वीकारू नये, असे मी आग्रहाने सांगतो. अनोळखी जागी सोडलेले मांजर तेथील मांजरांच्या हद्दीत शिरते, मार खाते, उपाशी राहते, आणि अनेकदा परतीच्या वाटेवर वाहनाखाली सापडते. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमान्वये गुन्हा आहे. विष घालण्याचा विचार कोणी बोलून दाखवत असेल तर त्याला हेही सांगावे की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमानुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय पोत्यातून नेल्याने अंगणही मोकळे होत नाही. खाणे आणि जागा शिल्लक असली की रिकाम्या झालेल्या हद्दीत काही आठवड्यांत दुसरी मांजरे येतात.

संख्या खऱ्या अर्थाने कमी होते ती नसबंदीने. मांजरी सहा महिन्यांची होण्याआधीच गाभण राहू शकते, गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, आणि वर्षात दोन-तीन वेळा विण्याची तिची क्षमता असते. नसबंदी झालेल्या बोक्याचे मूत्र उडवणे, रात्रीचे ओरडणे आणि मारामाऱ्या पुढील काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतात, म्हणजे आपल्या तक्रारीचा निम्मा भाग तेथेच सुटतो. मुंबई महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे मांजरांच्या नसबंदीचेही काम हाती घेतले आहे. आपल्या विभाग कार्यालयात चौकशी करावी, किंवा परिसरात मांजरांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांकडून पिंजरा व मार्गदर्शन घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर कानाचे टोक किंचित कापलेले असते, ती ओळखीची खूण होय. मांजर पुन्हा त्याच परिसरात सोडावे लागते, हे ऐकून आपण निराश व्हाल याची मला कल्पना आहे. परंतु जाळी अंथरलेल्या अंगणाच्या कडेने फिरणारे, न विणारे, न भांडणारे एक मांजर नव्या चार मांजरांना हद्दीत शिरू देत नाही, आणि तेवढ्याने आपला वाफा सुरक्षित राहतो.

प्रश्न : आमच्या इमारतीतील एक वयस्कर बाई दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात मांजरांना दूधभात घालतात. जिना चिकट होतो, मुंग्या होतात, आणि मांजरे सर्वांच्या गॅलरीत शिरतात. खाऊ घालण्यावर सोसायटीने बंदी घालावी का?
— एक वाचक, दादर

उत्तर : सरसकट बंदीचा ठराव करू नये. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातील प्राण्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था ठरवणे ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे, आणि ही जागा जिना, प्रवेशद्वार व मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर असावी असेही त्यांत म्हटले आहे. म्हणजे जिन्यात खाऊ घालू नये ही आपली मागणी योग्यच आहे. त्या काकूंशी सभेत सर्वांसमोर बोलण्यापेक्षा त्यांच्या घरी जाऊन बोलावे. आवाराच्या मागील कोपऱ्यात, ठरलेल्या वेळी, ताटलीत घालावे आणि अर्ध्या तासाने ताटली उचलून जागा धुवावी, एवढे मान्य झाले तर बहुतेक तक्रारी मिटतात. दूध मात्र बंद करावे, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही आणि त्यामुळे होणाऱ्या जुलाबांची घाण पुन्हा आपल्याच आवारात पडते. ज्या व्यक्तीवर मांजरांचा विश्वास आहे तिच्याच हातून ती नसबंदीच्या पिंजऱ्यात सहज जातात. त्यामुळे काकूंना विरोधक न मानता या कामात सोबत घ्यावे.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे आणि तळमजल्यावरील आमच्या बागेत मांजरे घाण करतात. यामुळे गर्भाला धोका असतो असे ऐकले. ते खरे आहे का?
— एक वाचक, माहीम

उत्तर : धोका खरा आहे, परंतु तो टाळता येतो. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी काही मांजरांच्या विष्ठेतून बाहेर पडतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून घरातील दुसऱ्या कोणी हातमोजे घालून ती रोजच्या रोज उचलावी. सूनबाईंनी या काळात मातीकाम करू नये. बागेतील कोथिंबीर आपण कच्चीच खातो, तेव्हा ती वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी किंवा प्रसूतीपर्यंत शिजवूनच वापरावी. अर्धेकच्चे मांसही लागणीचे मोठे कारण आहे, ते टाळावे, आणि रक्ततपासणीबद्दल आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. मांजर अंगणातून नुसते चालत गेल्याने लागण होत नाही.

प्रश्न : पावसाच्या पहिल्या आठवड्यात एका मांजरीने आमच्या मागील अंगणातील लाकडी कपाटात तीन पिल्ले घातली. आई दिवसभर दिसत नाही. पिल्ले बाहेर काढून ठेवावीत का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : लगेच हात लावू नये. आई खाणे शोधण्यासाठी कित्येक तास दूर राहते आणि माणसे जवळ असली की परत येण्याचे टाळते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. आकडा सोडून दिला तरी निरीक्षण अचूक आहे, कारण जागा असुरक्षित वाटली की ती पिल्ले स्वतःच उचलून नेते. मुसळधार पावसात मात्र तिला नवी जागा शोधणे अवघड असते आणि त्या धावपळीत एखादे पिल्लू मागे राहते. पिल्ले कोरडी, उबदार आणि शांत झोपलेली असतील तर आई येत आहे असे समजावे. ती गार पडली असतील आणि सतत ओरडत असतील तर पशुवैद्यकांना विचारावे. परळ येथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय हा एक जुना आणि माहितीतला पर्याय आहे. गाईचे दूध पाजू नये. पिल्ले साधारण दोन महिन्यांची होऊन आईचे दूध सुटले की त्यांच्यासाठी घरे शोधावीत, आणि त्याच सुमारास आईची नसबंदी करून घ्यावी, कारण पिल्ले दूध पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यानंतर कपाटाचे दार दुरुस्त करून बंद ठेवावे. तोपर्यंत आवारात गाडी उभी करणाऱ्यांना सांगून ठेवावे की पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, कारण ऊब शोधणारी पिल्ले इंजिनाजवळ जाऊन बसतात.