परिपथ 'तयार करा' की परिपथाची 'नोंद करा'?

राउटरच्या एटीएम इंटरफेस कार्डाचे माहितीपुस्तक मराठीत आणणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, व्हर्च्युअल सर्किट कॉन्फिगर करण्याच्या सूचनेसाठी "कार्डावर आभासी परिपथ तयार करा" हे वाक्य योग्य ठरेल का. (हे एटीएम बँकेचे नव्हे, हे सांगायला नकोच; हे म्हणजे 'असिंक्रोनस ट्रान्सफर मोड', जाळ्यातून माहिती 'सेल' नावाच्या ठरावीक आकाराच्या छोट्या तुकड्यांत पाठवण्याची पद्धत.)

'आभासी परिपथ' खुशाल वापरावा. शालेय भौतिकशास्त्रामुळे 'आभासी प्रतिमा' आणि 'विद्युत परिपथ' हे दोन्ही शब्द वाचकाच्या ओळखीचे आहेत. 'आभासी' म्हणजे खोटा, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु एकाच तारेवरून अनेक परिपथ जात असताना दोन्ही टोकांना आपल्यासाठी स्वतंत्र तार टाकली आहे असे वाटते, आणि आभास आहे तो नेमका याच गोष्टीचा.

खरी अडचण 'तयार करा' या क्रियापदाची आहे. एटीएममध्ये माहिती ५३ बाइटांच्या सेलमधून जाते. त्यांतील ४८ बाइट माहितीचे आणि ५ शीर्षाचे असतात. या शीर्षात पोहोचण्याच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता नसतो, तर व्हीपीआय (आभासी मार्गाचा क्रमांक) आणि व्हीसीआय (त्या मार्गातील आभासी वाहिनीचा क्रमांक) हे दोन क्रमांक असतात, आणि वाटेतला प्रत्येक स्विच ते वाचून, आपल्या तक्त्यात पाहून, त्यांच्या जागी पुढच्या दुव्याचे क्रमांक लिहितो. एकच अर्ज प्रत्येक कार्यालयात नवा आवक क्रमांक घेतो, तसेच हे आहे. म्हणून पुण्याच्या राउटरवर ०/३५ (व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५) आणि नागपूरच्या राउटरवर ०/७२ असे लिहिलेले असले, तरी परिपथ एकच असू शकतो आणि त्यात काहीही चुकलेले नसते.

याचा अर्थ असा की, कार्डावर "पीव्हीसी ०/३५" (पीव्हीसी म्हणजे स्थायी आभासी परिपथ) ही आज्ञा देणारा माणूस परिपथाचे केवळ आपल्याकडचे टोक लिहून ठेवतो. मधल्या स्विचांवर या परिपथाच्या नोंदी नसतील, तर परिपथ चालू आहे का हे तपासणाऱ्या 'ओएएम' सेल चालू केलेल्या नसताना राउटर परिपथ 'अप' दाखवत राहतो आणि पलीकडे मात्र काहीच पोहोचत नाही. 'तयार करा' वाचून काम संपले असे समजणारा तंत्रज्ञ येथेच फसतो. म्हणून मी "इंटरफेसवर स्थायी आभासी परिपथाची नोंद करा" असे लिहीन. बोलताना लोक "व्हीपीआय-व्हीसीआय टाकला का?" असे विचारतात आणि बीएसएनएलच्या एडीएसएल मोडेममध्ये ०/३५ भरलेल्यांना ते लगेच कळते, हे 'टाकणे' अर्थाने अचूकच आहे, पण माहितीपुस्तकात 'नोंद करणे' अधिक शोभते. नुसते 'पीव्हीसी' लिहिणे मात्र टाळावे, कारण त्याने नळाचा पाइप आधी आठवतो.

मागणीनुसार जोडल्या जाणाऱ्या परिपथाची, म्हणजे एसव्हीसीची, गोष्ट वेगळी आहे. तेथे राउटर ०/५ या वाहिनीवरून संकेत पाठवून जाळ्याकडे जोडणी मागतो आणि स्विच त्यानुसार मार्ग बांधत जातात; तेव्हा "परिपथ उभारला जातो" हेच बरोबर. प्रत्येक व्हीपीआयमधील ० ते ३१ हे व्हीसीआय अशा ठरावीक कामांसाठी राखीव असल्याने स्थायी परिपथाच्या सूचनेत "३२ पासूनचा क्रमांक नोंदवा" असेही स्पष्ट लिहावे. फ्रेम रिले या आभासी परिपथांच्याच दुसऱ्या पद्धतीच्या कार्डांनाही 'नोंद' हाच शब्द लागू पडतो, कारण तेथे परिपथ ओळखणाऱ्या डीएलसीआय क्रमांकाचा अर्थही त्या दुव्यापुरताच असतो.