मैदानाचे आरक्षण आणि नागरिकांची हरकत

प्रश्न : आमच्या वसाहतीसमोरच्या मैदानाला पत्रे ठोकले आहेत. खो-खोचे दोन्ही खांब उपटून कोपऱ्यात टाकले असून तेथे व्यापारी संकुल होणार, असे ऐकतो. आम्हाला कोणी विचारलेही नाही. काय करावे?

उत्तर : आधी कागद पाहा. नगररचना विभागाकडून त्या जागेचा भाग नकाशा (विकास आराखड्यातील तेवढ्या भागाचा नकाशा) व झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवली आहे, याचा दाखला) मागून घ्या. विकास आराखड्यात तेथे मैदानाचे आरक्षण असेल, तर ते परस्पर बदलता येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार फेरबदलाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून महिन्याभराच्या मुदतीत हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि शासनाची मंजुरी घ्यावी लागते. ही सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते, हे खरेच. म्हणून ती निघाली होती का, हे माहिती अधिकारात विचारा.

मालकी मात्र जरूर तपासा. जागा खासगी असून आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत संपादित झाली नसेल, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढील २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते. अनेक मैदाने अशीच, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, हातची जातात. जागा सार्वजनिक असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे : बंगळूरमधील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेकायदा ठरवले होते, आणि तेथेही दाद मागणारे आसपासचे रहिवासीच होते.