तिकिटावरचे पहिले नाव

प्रश्न : २००८ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात चाललेली चुरस मी रोज वाचत असे. क्लिंटन अध्यक्ष आणि ओबामा उपाध्यक्ष अशी जोडी पक्षाने उभी केली असती, तर आठ वर्षे अनुभवी व्यक्तीच्या हाती कारभार राहिला असता, तेवढ्यात ओबामा तयार झाले असते आणि पुढची आठ वर्षे त्यांची झाली असती. म्हणजे पक्षाला सलग १६ वर्षे सत्ता, असा माझा हिशेब होता. २०१६ मध्ये क्लिंटन हरल्यावर तर तो मला अधिकच पटू लागला आहे. यात माझे काय चुकते?

उत्तर : तुम्ही म्हणता तशी जोडी त्या वेळी खुद्द क्लिंटन यांच्या गोटातूनही सुचवली जात होती, त्यामुळे हा हिशेब झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र तो नेमका वरच्या नावापाशीच अडतो, असे माझे मत आहे.

आधी शब्दाविषयी थोडेसे. ‘तिकीट मिळाले’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला पक्षाने दिलेली उमेदवारी अभिप्रेत असते. अमेरिकेत मात्र तिकीट म्हणजे एकत्र लढणाऱ्यांची नावे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिथे सरकारी मतपत्रिकाच नव्हती. प्रत्येक पक्ष आपल्या उमेदवारांची नावे एका लांबट कागदावर छापून मतदारांच्या हाती देई आणि मतदार तोच कागद पेटीत टाकत असे. त्या कागदाला तिकीट म्हणत. सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका १८८८ पासून एकेका राज्यात रुजत गेली आणि पक्षांचे कागद गेले, पण शब्द राहिला. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या जोडीला आजही मतदार एकच मत देतो. वरचा या पक्षाचा आणि खालचा त्या पक्षाचा, अशी सोय त्याला नाही. त्यामुळे जोडीत कोण आहे याइतकेच वर कोण आहे यालाही महत्त्व येते.

आता २००८ कडे वळू. मार्चच्या सुरुवातीला मिसिसिपी राज्यातल्या प्रायमरीआधी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणाऱ्या मतदानाआधी, क्लिंटन यांनी असे सूचित केले की मतदारांना आम्ही दोघेही हवे असू तर तेही शक्य आहे, फक्त वर कोण हे त्यांनी ठरवावे. ओबामांनी त्याच राज्यातल्या कोलंबस गावच्या सभेत त्यावर दोन प्रश्न केले. दुसऱ्या क्रमांकावर असलेली व्यक्ती पहिल्या क्रमांकावर असलेल्याला उपाध्यक्षपद कसे काय देऊ करते, हा पहिला. त्यावर सभा हसली. दुसरा प्रश्न अधिक टोकदार होता. मी सरसेनापती होण्यास तयार नाही असे तुम्हीच सांगत असाल, तर मी उत्तम उपाध्यक्ष होईन असे तुम्हाला कशावरून वाटते? तुमच्या हिशेबातली ‘तेवढ्यात ओबामा तयार झाले असते’ ही ओळ इथे कोलमडते. अमेरिकेचे उपाध्यक्षपद ही शिकाऊंची शाळा नाही. आजवर नऊ उपाध्यक्ष मधल्या मुदतीत अध्यक्ष झाले, त्यांपैकी आठ अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि एक राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन तर उपाध्यक्षपदी जेमतेम ८२ दिवस होते, तेवढ्यात १२ एप्रिल १९४५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट वारले. ज्याला आठ वर्षे शिकायचे आहे त्याला खाली ठेवणे हे वर ठेवण्याइतकेच धोक्याचे, आणि ज्याला शिकायचे नाही त्याला अनुभवाच्या सबबीवर खाली ढकलण्याला अर्थ नाही.

ओबामा त्या वेळी ‘पहिल्या क्रमांकावर’ होते ते नेमके कशाच्या जोरावर, हेही पाहण्यासारखे आहे. दोघांना मिळालेली एकूण मते जवळजवळ सारखी होती, आणि मिशिगन व फ्लोरिडा या दोन राज्यांनी पक्षाचे वेळापत्रक मोडल्याने तिथली मते कशी धरायची यावर तर अखेरपर्यंत वाद चालला. पण उमेदवारी मतांच्या बेरजेवर ठरत नाही, डेलिगेटांवर, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींवर ठरते, आणि डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटले जातात. ५ फेब्रुवारीला एकाच दिवशी न्यू जर्सी आणि आयडाहो या दोन्ही राज्यांचा कौल लागला. लोकसंख्येने कितीतरी मोठ्या न्यू जर्सीत क्लिंटन जिंकल्या आणि त्यांना ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ डेलिगेटांची आघाडी मिळाली. रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यात, आयडाहोच्या छोट्याशा कॉकसमध्ये (पक्षसमर्थकांच्या सभांतून होणाऱ्या निवडीत) ओबामांनी १५ विरुद्ध ३ अशी बाजी मारून १२ ची आघाडी घेतली. नियम दोघांसाठी एकच होते. ते कोणी नीट वाचले होते, हे त्या रात्री दिसले. त्यानंतर फेब्रुवारीतल्या उरलेल्या सगळ्या लढती ओबामांनी जिंकल्या आणि शंभराहून अधिक डेलिगेटांची आघाडी अखेरपर्यंत टिकवली. सुमारे ८०० सुपरडेलिगेट, म्हणजे आपल्या मर्जीने मत देऊ शकणारे खासदार, राज्यपाल आणि पक्षाचे पदाधिकारी, मनात आणते तर ती उलटवू शकले असते. त्यांनी तसे केले नाही, ते बरेच झाले. आयोवातल्या विजयानंतर कृष्णवर्णीय मतदार फार मोठ्या प्रमाणावर ओबामांकडे वळले होते. नियमाने जिंकलेल्या उमेदवाराला ‘आठ वर्षे थांबा’ असे पक्षश्रेष्ठींनी सांगितले असते, तर त्या मतदारांना ते कोणत्या शब्दांत समजावणार होते?

अनुभवाची बाजू मी नाकारत नाही. क्लिंटन सिनेटच्या दुसऱ्या कारकिर्दीत होत्या, तर ओबामा २००५ मध्येच सिनेटमध्ये आले होते. पण ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध लष्करी बळ वापरण्याच्या ठरावाला क्लिंटन यांनी सिनेटमध्ये पाठिंबा दिला आणि त्याच महिन्यात इलिनॉय राज्याच्या सिनेटमधले ओबामा शिकागोच्या सभेत त्या युद्धाविरुद्ध बोलले. पदावरची वर्षे आणि निर्णयाची पारख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच यावरून म्हणता येते. अर्थात प्रत्यक्ष मत देण्याची जबाबदारी ज्याच्यावर नव्हती त्याला विरोध करणे सोपे होते, हा क्लिंटन समर्थकांचा आक्षेपही रास्त आहे.

अनुभवी माणूस खाली आणि तरुण वर, या क्रमाचे सर्वांत यशस्वी उदाहरण १९६० चे आहे. लिंडन जॉन्सन सिनेटमधील बहुमताचे नेते होते, जॉन केनेडींपेक्षा नऊ वर्षांनी मोठे होते आणि सिनेटचे कामकाज त्यांना तळहातासारखे ठाऊक होते. पण ते प्रायमरीच्या मैदानात उतरलेच नाहीत. केनेडी उतरले, आणि प्रॉटेस्टंटांचे प्रचंड बहुमत असलेल्या वेस्ट व्हर्जिनियात जिंकून कॅथलिक माणूस तिथेही मते घेऊ शकतो हे त्यांनी दाखवले. लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात पहिल्याच फेरीत केनेडींना ८०६ आणि जॉन्सनना ४०९ मते पडली. मग केनेडींनी त्याच जॉन्सनना सोबत घेतले आणि नोव्हेंबरात टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले. खालच्या नावाने एखादे राज्य मिळवून दिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांनी टेक्सासचेच लॉइड बेंट्सन यांना घेऊन तोच डाव टाकून पाहिला. वादसभेत बेंट्सन यांनी रिपब्लिकनांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेल यांना निरुत्तर केले, जोडी उलटी असती तर बरे झाले असते असे लोक बोलू लागले, आणि टेक्सास तरीही हातचे गेले. लोक मत देतात ते मुख्यतः वरच्या नावाला.

राहिली १६ वर्षांची गोष्ट. पदावर असलेला उपाध्यक्ष लगेचच्या निवडणुकीत अध्यक्ष म्हणून निवडून येणे, हे १८३६ मध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्यानंतर घडले ते थेट १९८८ मध्ये थोरल्या बुशांच्या बाबतीत. निक्सन १९६० मध्ये, हम्फ्री १९६८ मध्ये आणि गोर २००० मध्ये याच पायरीवर घसरले. कोणीही दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येऊ शकत नाही ही दुरुस्ती १९५१ मध्ये झाली. तेव्हापासून एका पक्षाने सलग जास्तीत जास्त १२ वर्षे अध्यक्षपद राखले आहे. २००८ च्या आर्थिक पडझडीत क्लिंटनही बहुधा जिंकल्या असत्या, हे मी मान्य करतो. पण २०१६ चा पराभव हा आठ वर्षांपूर्वीच्या क्रमाचा पुरावा होत नाही. त्या वर्षी सत्तेतल्या पक्षाविरुद्ध साचलेला कंटाळा त्यांच्या वाट्याला आला, आणि तुमच्या योजनेत तो ओबामांच्या वाट्याला आला असता.

प्रश्न : मग २०२४ मध्ये बायडन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांना थेट वरचे स्थान देणे योग्य होते का?

उत्तर : दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता, आणि दोष द्यायचा तर तो इतका उशीर होऊ देण्याला द्यावा. २१ जुलैला माघार झाली तेव्हा मतदानाला १०७ दिवस उरले होते. प्रचाराचा निधी बायडन आणि हॅरिस या दोघांच्या नावे नोंदलेल्या समितीकडे होता, त्यामुळे हॅरिस तो सहज वापरू शकत होत्या. इतर कोणाला तसे करता आले नसते. डेलिगेट आधीच बायडन यांच्यासाठी निवडले गेले होते आणि त्यांतील बहुसंख्य काही दिवसांतच हॅरिस यांच्याकडे गेले. पण १९६० मध्ये केनेडींनी किंवा २००८ मध्ये ओबामांनी जी परीक्षा राज्याराज्यांत दिली, ती हॅरिस यांची झालीच नाही. २०२० साठी त्या उतरल्या होत्या खऱ्या, पण पहिले मत पडण्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, त्यांनी माघार घेतली होती. मतदारांना न विचारता वरचे नाव ठरवण्याचा असाच प्रसंग १९६८ मध्ये आला होता. हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, शिकागोत अधिवेशनाच्या वेळी निदर्शक आणि पोलिसांच्या झटापटीत रस्त्यावर रक्त सांडले, आणि त्यातूनच पक्षाला आजची प्रायमरीची पद्धत स्वीकारावी लागली.

प्रश्न : निवडून आल्यावर जोडीचा क्रम उलटू शकतो का? आणि दोघे एकाच राज्याचे असले तर?

उत्तर : एकदा जवळजवळ उलटला होता. सुरुवातीला इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेले प्रतिनिधी, दोन नावांना मते देत आणि अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण हे त्यावर लिहीत नसत. १८०० मध्ये जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, बर मागे हटेनात आणि प्रतिनिधिगृहाला ३६ व्या फेरीत निर्णय लावावा लागला. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगळी मते आली. तरीही १९८८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या एका इलेक्टरबाईंनी निषेध म्हणून बेंट्सन अध्यक्ष आणि डुकाकिस उपाध्यक्ष असे उलटे मत दिलेच, आणि ते तसेच मोजले गेले.

एकाच राज्याचे असण्याला थेट बंदी नाही. फक्त त्या राज्याच्या इलेक्टरांना आपल्याच राज्याच्या दोघांना मत देता येत नाही. २००० मध्ये धाकटे बुश टेक्सासचे राज्यपाल होते आणि डिक चेनी डॅलसला राहत होते. चेनींनी जुलैमध्ये आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली, त्याविरुद्ध टेक्सासमध्ये दावा झाला आणि तो फेटाळला गेला. बुश यांना इलेक्टरांची २७१ मते मिळाली, गरज २७० ची होती आणि टेक्सासची मते ३२ होती. ती चेनींना मिळाली नसती तर उपाध्यक्ष निवडण्याचे काम सिनेटकडे गेले असते, आणि जानेवारी २००१ मध्ये भरलेल्या नव्या सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे सदस्य ५०–५० होते.