सीओपीडीमध्ये पंपासोबत व्यायाम-प्राणायामाचा खरंच उपयोग होतो का? संशोधन काय सांगतं?

तुम्ही विचारलंत: वडिलांना सीओपीडी (श्वासनळ्या आखडण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) निघाला, डॉक्टरांनी पंप (तोंडाने ओढायचं औषध, इनहेलर) दिला, चिठ्ठीवर खाली ‘पल्मोनरी रिहॅब’ (व्यायाम आणि श्वास घेण्याची पद्धत शिकवणारं फुप्फुस-पुनर्वसन) असं खरडलं, तालुक्यात तशी सोय नाही, आणि घरात कुणीतरी म्हणतंय की प्राणायाम सुरू केला की पंप बंद करता येईल. ते ‘कुणीतरी’ वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे आमचे दाजी.

उपयोग होतो. पंपासोबत होतो, पंपाऐवजी होत नाही. घाईत असाल तर इथेच थांबा, पुढे माझं रडगाणं आहे.

माझ्या आईने मिश्रीखेरीज तंबाखूचं नाव कधी काढलं नाही. चाळीस वर्षं चूल मात्र फुंकली. शेणी, काटक्या, पावसाळ्यात ओली लाकडं आणि तोंडाला फुंकणी. उज्ज्वलाचा गॅस घरी आला तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवरचीच गोड लागते यावर घरातल्या सगळ्या पुरुषांचं एकमत होतं, ती थापायला मात्र त्यांतला एकही बसत नव्हता. आईचा खोकला आम्ही दाराच्या कडीच्या आवाजासारखा धरून चाललो होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. आमच्या गावात त्यानंतरही कित्येक वर्षं ‘बाईमाणसाला कसला आलाय फुप्फुसाचा आजार, दमा असेल’ म्हणून इंजेक्शनंच चालू होती.

शेवटी कोल्हापुरात फुंकून बघायची तपासणी झाली, निदान झालं, पंप मिळाला. डॉक्टरांनी पंप कसा ओढायचा ते अर्ध्या मिनिटात दाखवलं. व्यायामाबद्दल अवाक्षर नाही. हा राग मला आजही आहे, कारण तिथेच दाजींना मोकळं रान मिळालं. ‘पंपाची सवय लागते, एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही. आत्या, चार महिने आमच्याकडं चला, बघा कसं करतो ते.’ दाजी थोरले जावई, त्यात शिबिरं करून आलेले. मी तोंड उघडलं तर, ‘तू कधी डॉक्टर झालीस?’ मी विमा कंपनीत आकडे बघते, डॉक्टर नाही, हे खरंच आहे. दाजीही नाहीत, पण ते कोण बोलणार?

आई ताईकडे गेली. पंप कपाटावर गेला. रोज पहाटे गच्चीवर कपालभाती. आणि गंमत बघा, पहिले दोन महिने तिला खरंच बरं वाटलं! दाजी फोनवर नुसते फुलून यायचे. माझ्या डोक्यात उजेड पडला तो फार उशिरा: ताईकडे गॅस होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आई धुरातून उठली होती. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय मात्र जी ओरडून सांगितली गेली तिला मिळालं. चाचणी घेताना दुसरा गट का लागतो, हे मला कॉलेजातल्या सांख्यिकीपेक्षा ताईच्या गच्चीने जास्त नीट शिकवलं.

डिसेंबरात आई घरी परत आली. थंडी, ऊसतोडीची धूळ, पुन्हा चूल. एका रात्री दोनच्या सुमाराला ती अंथरुणात उठून बसली, दोन्ही हात गुडघ्यावर टेकलेले, ओठ जांभळट, एका दमात दोन शब्दसुद्धा निघेनात. शेजारच्यांच्या जीपने तालुक्याला नेली. सहा दिवस दवाखान्यात, त्यातले दोन तोंडाला घट्ट मास्क लावून.

त्या दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, जेमतेम पंचविशीची. घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणाली, ‘मावशी, सहा मिनिटं चालायचं. तुमच्या चालीनं. दम लागला तर थांबा, घड्याळ थांबणार नाही.’ या तपासणीला तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर लागतो. तिथला वीसचा होता. तिने दोन्ही टोकांना फरशीवर चिकटपट्टी लावली, मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आईच्या बोटाला ऑक्सिमीटर अडकवला. आई पुटपुटली, ‘चालायला शिकवायला पण माणूस ठेवलाय होय?’ तिसऱ्या मिनिटाला तीच खुर्चीत बसली. ऑक्सिजनचा आकडा ८८ वर उतरला होता. साडेदहा खेपा, म्हणजे २१० मीटर. आमच्या दारापासून गिरणीपर्यंतसुद्धा एवढ्यात पोचता येत नाही.

मग आठ आठवडे. आठवड्यातून दोनदा एसटीने तालुक्याला, बाकीचे दिवस घरी. चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडणं: नाकातून आत घ्यायचा, बाहेर सोडताना दुप्पट वेळ, गरम चहावर फुंकर घातल्यासारखा. सीओपीडीत हवा आत जाते पण पुरती बाहेर पडत नाही, छातीत अडकून बसते. भराभर श्वास घेतला की बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि ती आणखी साठते. आता सांगा, अशा माणसाला पहाटे उठवून भराभर कपालभाती करायला लावणं म्हणजे काय! (अनुलोम-विलोम संथ करत असतील तर माझं काही म्हणणं नाही.)

आठ आठवड्यांनी तोच कॉरिडॉर: साडेबारा खेपा, २५० मीटर. खुर्चीत बसली नाही.

हे चाळीस मीटर काय विचारता? कोक्रेन (उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या २०१५ च्या आढाव्यात अशा ६५ चाचण्या एकत्र केल्या, ३,८२२ रुग्ण. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत हे पुनर्वसन मिळालं ते नुसत्या नेहमीच्या उपचारांवरच्यांपेक्षा सहा मिनिटांत सरासरी ४४ मीटर जास्त चालले, आणि त्यांचा दम, थकवा कमी झाला. पुरावा इतका पुरेसा होता की संपादकांनी हा प्रश्नच बंद केला: ‘उपयोग होतो का’ यावर आणखी चाचण्या नकोत, आता कोणता कार्यक्रम चांगला ते शोधा. ‘नेहमीच्या उपचारांसोबत’ हे शब्द मी दाजींना छापून दिले होते.

त्यावर दाजी काय म्हणाले असतील? ‘म्हणजे व्यायामच ना? मी वेगळं काय सांगत होतो?’

सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, कारण अर्धं खरं होतं. दिल्लीच्या एम्समध्ये साठ रुग्णांचे दोन गट करून एकाला बारा आठवडे योग आणि दुसऱ्याला हेच पुनर्वसन दिलं होतं. दोघांना सारखाच फायदा झाला. छोटा अभ्यास, पण योगाला कमी लेखता येत नाही. मी त्याला कधी कमी लेखलंही नव्हतं. माझं भांडण कपाटावर ठेवलेल्या पंपाशी होतं, आणि ते दाजींनी आजतागायत ऐकून घेतलेलं नाही. तुमच्या घरातल्या ‘कुणीतरी’ला एवढंच विचारा: बिघडलं तर रात्री दोन वाजता जीप तुम्ही आणणार का?

तुमच्या गावात सोय नाही म्हणालात. ऑस्ट्रेलियात १६६ जणांवर चाचणी झाली होती: एका गटाला केंद्रात बोलावलं, दुसऱ्याकडे फिजिओ एकदा घरी जाऊन आला आणि पुढे आठवड्याला एक फोन, असे सात. आठ आठवड्यांनंतर घरचा गट मागे पडला नाही. म्हणजे एकदा शहरात नेऊन नीट शिकून घ्या, पुढचं फोनवर होतं. आणखी एक बिनखर्ची गोष्ट: दम लागला की चेहऱ्यावर, नाका-गालांवर वारा घ्यायचा. केंब्रिजमध्ये पन्नास रुग्णांना हातातला पंखा एकदा तोंडावर आणि एकदा पायावर पाच-पाच मिनिटं धरायला लावून बघितलं, तोंडावरच्या वाऱ्याने दम हलका झाला. आमची आई आजीचा विंझणा वापरते. बॅटरीचा पंखा आणून दिला तर म्हणाली, याचा आवाज होतो.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. फुप्फुसं यातून दुरुस्त होत नाहीत, फुंकायच्या तपासणीचा आकडा फारसा हलत नाही. सुधारतात ते मुख्यतः पायांचे स्नायू. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसल्याने पाय जातात, पाय गेले की चार पावलांतच दम, असं ते चक्र असतं. व्यायाम सोडला तर वर्षभरात फायदा ओसरतो. अमेरिकेत सीओपीडीमुळे दवाखान्यात राहून आलेल्या जवळपास दोन लाख वयस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीन महिन्यांत पुनर्वसन सुरू केलेल्यांत वर्षभरातले मृत्यू बरेच कमी दिसले. पण सुरू करणारे होते फक्त दीड टक्का, आणि ते मुळातच जरा धडधाकट असतील, तेव्हा तो आकडा तोंडावर फेकू नका. वडिलांना हृदयाचा त्रास असेल किंवा चालताना ऑक्सिजन उतरत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. आणि वडिलांना डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवायला सांगा. आईचं अर्धं औषध जिभेवरच राहत होतं, हे त्या मुलीने पकडलं, डॉक्टरांनी नाही.

तसं काही नसेल तर वडील सध्या सहा मिनिटांत किती चालतात ते आजच मोजा आणि लिहून ठेवा, नाहीतर दोन महिन्यांनी प्रत्येक जण आपापलं सांगेल. आमचा २१० मीटरवाला पहिला कागद दाजींच्या पिशवीत गेला होता. अजून मिळालेला नाही.