देवावर रागावलीस ना? मग त्यालाच सांग

प्रभूमध्ये सलाम.

या खेपेला पत्रं बरीच आहेत, पण न्यू जर्सीहून आलेलं मिरजेच्या एका लेकीचं पत्र मी आधी घेते. बहुतेक जागा तिलाच जाणार. बाकीच्यांनी समजून घ्यावं.

ती लिहिते, "आई जानेवारीत गेली. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. गेले असते तर परत येणं अडकलं असतं, म्हणून गेले नाही. दफनविधी मोबाइलवर पाहिला. भाच्याचा हात हलत होता, आईच्या चेहऱ्याऐवजी मांडवाची कनातच दिसत होती. मार्चमध्ये ह्यांची नोकरी गेली. ताई, मी लहानपणापासून प्रार्थना करणारी बाई. आता डोळे मिटले की समोर काहीच नसतं. देवानं मला सोडलं असं वाटतं. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, विश्वास कमी पडतोय, रोज स्तुती करत जा. मी स्तुती करते आणि आतून रडते."

बाई गं, ती हलणारी कनात वाचून मी चष्मा काढून ठेवला. आपल्यापैकी कितीजणांनी आईबापांना असं फोनच्या काचेतून निरोप दिलाय! त्यावर शहाणपणाचं काही बोलणार नाही. पण थोडं रागावणार आहे. एवढं सगळं तू मला लिहिलंस, आणि देवाला काय सांगितलंस? स्तुती! जे मनात नाही ते त्याला, आणि जे मनात आहे ते मला. हे उलटं झालं.

माझं म्हणणं जुनेच वाचक ओळखतात, तरी पुन्हा सांगते. देवाकडे तक्रार करणं ही प्रार्थनाच आहे. पवित्र शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्यांची आहेत. तेरावं स्तोत्र काढ. सहाच ओव्या आहेत, आणि पहिल्या दोन ओव्यांत दावीद चार वेळा विचारतो, अजून किती काळ? ते संपता संपता त्याचा सूर तरी बदलतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तेही नाही. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही. तरीसुद्धा ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांनी ते गाळलं नाही. तुझ्यासारख्यांच्या तोंडी शब्द असावेत म्हणूनच ते राहिलं, असं मी मानते.

आणि वधस्तंभावर प्रभू काय बोलला? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात. मत्तय आणि मार्क दोघांनीही लिहून ठेवली आहे. आता त्या बाईंना विचारावंसं वाटतं, प्रभूचाही विश्वास कमी पडला होता का? त्या वाईट नाहीत, हे मला ठाऊक आहे. पवित्र शास्त्रातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही वाईट नव्हते. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं, "तुझंच काहीतरी चुकलं असणार." शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो माझा सेवक ईयोब, असं त्यानं सांगितलं. एवढे अध्याय देवाशी वाद घालणारा ईयोब!

आमच्या घरचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं घर माळ्यापर्यंत बुडालं. आजोबांच्या वेळचं पवित्र शास्त्र खालच्या कपाटात होतं. पाणी ओसरल्यावर वहिनीनं ते बाजेवर ठेवलं, दर चार पानांमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घातला आणि पंख्याखाली वाळवलं. शास्त्र बचावलं. पुढच्या कोऱ्या पानांवर आजोबांनी शाईनं लिहिलेले आमच्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे मात्र निळा डाग होऊन बसले. त्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत जो तो उठून जीव वाचल्याबद्दल आभार मानत होता. माझा भाऊ उठला आणि म्हणाला, "देवा, मी तुझ्यावर रागावलोय. तू कुठं होतास ते मला कळलं नाही." सभेत सन्नाटा. वडीलमंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पाळकसाहेब मोठ्यानं "आमेन" म्हणाले आणि पुढची प्रार्थना सुरू झाली. भाऊ पुढच्या रविवारी देवळात आला. त्याच्या शेजारचा एकजण, सगळ्यात गोड आभार मानलेला, बरेच महिने फिरकला नाही. म्हणून मी हे एवढ्या हट्टानं सांगते. भांडणारी लेक माहेरी फोन तरी करते. अबोला धरलेलीची काळजी करावी.

आणि देवाशी भांडणं ही काही परकी रीत नव्हे. तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले आहेत! त्याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं म्हणणारे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक शेवटच्या वर्षांत आपल्या साताऱ्यात येऊन राहिले, १९१७ मध्ये तिथंच त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांची भजनं म्हणत आपण वाढलो. इकडे अमेरिकेत महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये मराठी उपासना होते, टाळ्यांची चार गाणी होतात, मग पॉटलक. आनंद आहे, मी स्वतः भरल्या वांग्याचं पातेलं घेऊन जाते. पण ज्याची आई गेली त्यानं त्या खोलीत कुठं बसायचं? निदान एक गाऱ्हाण्याचं स्तोत्र दर महिन्याला वाचा, असा माझा आग्रह आहे. आमच्या मंडळीत तो मान्य झाला.

तेव्हा तुला काम देते. गाडी कुठंतरी उभी कर, काचा वर घे, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाच. मराठीतून वाच, आईशी ज्या भाषेत बोलत होतीस त्या भाषेत. वाचून झालं की पुढचं तुझं तू बोल. व्हिसाचं बोल, कनातीचं बोल. स्तुतीची सध्या घाई नको. काहीच वाटलं नाही तरी चालेल. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की त्यांनाही अनेक दशकं देव जवळ असल्याची जाणीव होत नव्हती. त्या बाई रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसतच होत्या.

तू पत्रात खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य लिहिलं आहेस, "सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटतं." ते वाक्य मी सोडून देणार नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. तुझी झोप, भूक आणि मन दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल तर याच आठवड्यात डॉक्टरला दाखव. जीव नकोसा वाटला तर इकडच्या ९८८ या मदतीच्या नंबरवर फोन कर, दिवसरात्र चालू असतो. विश्वासू माणसानं औषध घेऊ नये, असं कुणी म्हणालं तर त्यांना आपलं मिरज आठवायला सांग. मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल उघडलं, ते प्रार्थना आणि औषध दोन्ही बरोबर चालतात म्हणूनच ना? माझे वडील तिथंच कंपाउंडर होते. सकाळची उपासना संपली की ड्रेसिंगची ट्रॉली निघायची.

तुझे बाकीचे प्रश्न. नवरा चर्चला येत नाही: येऊ दे त्याला त्याच्या वेळेनं. "तुम्ही प्रार्थना करत नाही म्हणून असं झालं" हे वाक्य घरात नको. एच-वन-बीवर, म्हणजे इकडच्या नोकरीच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली की साधारण ६० दिवसच मिळतात. ते संपले असतील तर आधी इमिग्रेशन वकील गाठा, हातचे राखून ठेवलेले पैसे त्यासाठीच असतात. मुलगा "देव वगैरे काही नसतं" म्हणतो: पंधरा वर्षांचा आहे, म्हणू दे. तूही रागावली आहेस हे त्याला कळू दे, त्याला बोलायला जागा मिळेल.

साताऱ्याच्या काकांनी विचारलंय, नातवाचा बाप्तिस्मा तिकडे करावा की इकडे. काका, जिथं आईबाप दर रविवारी जातात तिथं. पेढे मात्र साताऱ्याचे मागवा.

तासगावच्या भाऊंना: बहीण गावच्या जमिनीसाठी मुखत्यारपत्र मागते आहे, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. मसुद्यात कोणत्या गटाचा अधिकार देताय तो गट नंबर स्पष्ट लिहून घ्या.