'आधी कॅन्सल करू, मग नवीन काढू' याला हो म्हणू नका

दादा, लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला तेव्हा तुम्ही दोघं चांदणी चौकातल्या हॉटेलात होतात. लवकर घरी निघायचं म्हणून बुकिंग पोर्टलला फोन केलात, तिथल्या माणसाने 'आधी तिकीट कॅन्सल करू, मग नवीन काढू' म्हटलं, आणि आता पैसेही अडकलेत आणि कुणी उत्तरही देत नाही. हे वाचलं आणि पोटात कालवाकालव झाली. हेच वाक्य आम्ही एप्रिल २०२५ मध्ये श्रीनगरमध्ये ऐकलं होतं, म्हणून जरा लांबण लावते.

हॉटेलातून विनाकारण बाहेर पडू नका, घरी कळवा वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार. त्यात शिरत नाही.

२२ एप्रिलला दुपारी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर पर्यटकांवर दहशतवादी गोळीबार झाला तेव्हा आम्ही श्रीनगरला निशात बागेत होतो. पहलगाम दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं होतं. माझं सिम प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे नवऱ्याचा एकच फोन चालू होता. तो वाजायला लागला तो थांबेचना. सासूबाईंना आम्ही नीट आहोत हे सांगूनही पटत नव्हतं, कारण टीव्हीवर सारखं पहलगामच चालू होतं. २६ माणसं गेली. त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली, डोंबिवली, पुणे, पनवेलची. आम्ही एका दिवसाने वाचलो, असं लोक आजही म्हणतात. मला ते वाक्य सहन होत नाही, कुणाला म्हणूही नका.

रस्त्याने निघणं शक्य नव्हतं. दोनच दिवस आधी रामबनला ढगफुटी होऊन जम्मूचा महामार्ग बंद पडला होता. श्रीनगरपर्यंत थेट रेल्वे तेव्हा नव्हती, कटऱ्याहून वंदे भारत जूनमध्ये सुरू झाली. म्हणजे उरलं विमान. आमची परतीची तिकिटं काही दिवसांनंतरची होती, ती फक्त अलीकडे आणायची होती. विमान कंपन्यांनी जादा फेऱ्या सोडल्या, तारीख बदलण्याचं आणि रद्द करण्याचं शुल्क माफ केलं. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तशी सूचनाच दिली होती.

तिकिटं आम्ही एका पोर्टलवरून काढलेली. नाव लिहीत नाही, पण त्या हेल्पलाइनचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. विमान कंपनी म्हणाली, जिथून काढलं तिथेच बोला. पोर्टलवाला म्हणाला, 'मॅडम, माफीचं आमच्या सिस्टिममध्ये काही दिसत नाही.' मग पुढे, 'जुनं कॅन्सल करतो, सीट भरपूर आहेत, लगेच नवीन देतो.' आम्ही नको म्हणेपर्यंत त्याने रद्द केलंसुद्धा. रद्द झाल्यावर नवीन तिकिटाचं भाडं आमच्या जुन्या भाड्याच्या कितीतरी पट दिसायला लागलं, आणि परतावा सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत. तेवढ्यात फोन कट झाला. परत लावला तर दुसरा माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं.

यात पैशांपेक्षा जास्त नुकसान कशाने झालं, ते ऐका. श्रीनगर विमानतळाच्या बरंच अलीकडे तपासणी नाका आहे. तिथे गाडीतलं सगळं सामान उतरवून स्कॅन होतं, आणि तिकिटाशिवाय पुढे सोडत नाहीत. विमान कंपनीचा काउंटर त्या नाक्याच्या आत. हातात तिकीट असतं तर आत जाऊन समोरच्या माणसाला विनंती तरी करता आली असती. आमचं तिकीटच काढून घेतलेलं, त्यामुळे काउंटरपर्यंत पोचायची वाटच बंद झाली. नवीन काढावं तर कार्डाचा ओटीपी माझ्या प्रीपेड नंबरवर, म्हणजे येणारच नाही. तुमचंही तसंच असेल तर पुढच्या प्रवासाआधी बँकेतला नंबर बदलून घ्या.

शेवटी ठाण्याच्या दिराने विमान कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून २४ तारखेच्या दिल्लीच्या जादा विमानात जागा मिळवली आणि दिल्लीहून आम्ही रेल्वेने आलो. तोपर्यंत आम्हाला धरून ठेवलं ते तिथल्या लोकांनी. २३ ला सगळं श्रीनगर बंद होतं, हल्ल्याच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःहून पाळलेला बंद. काश्मिरी वर्तमानपत्रांनी पहिलं पान काळं छापलं. हॉटेलमालकाने जादा दिवसांचं भाडं घेतलं नाही, टॅक्सीवाल्याने विमानतळापर्यंतचे पैसे घेतले नाहीत. इथे कुणी 'तिथले लोक सगळे सारखेच' असं लिहिलं की माझा तोल जातो. बैसरनला पर्यटकांना वाचवताना एक स्थानिक घोडेवालाही मारला गेला, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या पैशांबद्दल. मी वकील नाही, आणि नियम बदलत असतात, तेव्हा डीजीसीएच्या साइटवर आजचा मजकूर एकदा बघा. आम्ही भांडलो तेव्हाच्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं की तिकीट एजंटकडून किंवा पोर्टलवरून काढलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी. 'पोर्टलशी बोला' हे उत्तर तिथेच संपतं. हे कलम ईमेलमध्ये जसंच्या तसं टाकलं, तेव्हा कुठे आमची फाइल हलली. तुमच्या बाबतीत दिल्लीची विमानं चालू होती, तेव्हा मूळ भाडं सगळं परत मिळेल अशी आशा मी लावणार नाही. पण नॉन-रिफंडेबल तिकिटातलेही सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं, आणि रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. पुष्कळ लोक हे मागतच नाहीत. तुम्ही मागा, आणि कापलेल्या रकमेचा तपशील लेखी मागा.

तक्रार आधी विमान कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारी बघणारा नेमलेला अधिकारी) ईमेलने, मग एअरसेवा या विमानप्रवाशांच्या तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवा. हेल्पलाइनवर बोलणं झालं की लगेच 'आत्ता तुमच्या माणसाने असं असं सांगितलं' असा ईमेल त्यांनाच टाकायचा. प्रवास विमा असेल तर दहशतवादाचं कलम वाचा, पोर्टलवर टिक करून घेतलेल्या स्वस्त विम्यात ते बहुतेक वेळा वगळलेलं असतं असं माझं मत आहे.

वहिनी रात्री दचकून उठतात असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत. मला तीच ओळ सगळ्यात जास्त लागली. तुम्ही घटनास्थळी नव्हतात, मग एवढं काय, असं घरचे म्हणतील. माझ्या नवऱ्याला कित्येक महिने फटाक्यांचा आवाज सोसत नव्हता, आणि आम्हीही घटनास्थळी नव्हतो. टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोन सेवा आहे, मराठीतून बोलता येतं. आम्ही फार उशिरा फोन केला. तुम्ही परताव्याच्या ईमेलआधी तो करा. पीएनआर आणि कापलेली रक्कम मला निरोपात पाठवा, आमच्या ईमेलचा मसुदा तुमच्या तपशिलाप्रमाणे बदलून देते.