पंपाचं नंतर बघू, आधी ओव्हनचे कोपरे तापवा

तुमचा प्रश्न असा आहे: घरी १२ × १८ इंचाचं व्हॅक्यूम फॉर्मिंग मशीन बनवायचंय, पंप कोणता घ्यावा आणि शीट तापवायला स्वयंपाकघरातला ओटीजी चालेल का? (व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणजे फ्रेममध्ये धरलेली प्लास्टिकची शीट तापवून मऊ करायची, साच्यावर दाबायची आणि खालची हवा ओढून ती साच्याला बिलगवायची.)

ओटीजीचं आधी उरकतो. ए-४ एवढ्या शीटला कसाबसा चालतो, १२ × १८ त्यात मावतच नाही. आणि एकदा त्यात प्लास्टिक तापवलं की केकसाठी तो पुन्हा वापरायचा नाही. राहिला पंप. हे मशीन बनवायला निघालेला प्रत्येक जण पहिला प्रश्न पंपाचाच विचारतो, आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. नव्या मशीनवर साच्याचे कोपरे बोथट आले, अक्षरं पुसट आली, की दहातल्या आठ वेळा दोष तावाचा, म्हणजे शीट तापवण्याचा, असतो आणि खापर पंपावर फुटतं.

आमच्या मशीनवर हाच वाद बरेच दिवस चालला, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय. दोन मिलिमीटरची हिप्स (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) शीट, १० सेंटिमीटर उंचीचा साचा. मधला भाग रेखीव, चारही कोपरे गोलमटोल. आधी व्हॅक्यूम क्लिनर होता, मग फ्रिजचा कॉम्प्रेसर आला, मग त्याला टाकी जोडली. कोपरे होते तसेच. शेवटी ओव्हनमधून शीट बाहेर काढून लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर लावला, तर मध्ये १६५ अंश आणि कोपऱ्यात १२० च्या आत. हिप्स १०० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, पण साच्याला नीट बिलगायला तिला १५० ते १७५ लागतात. १२० अंशांची शीट म्हणजे जाड रबर. तिला कितीही ओढा, कोपऱ्यात शिरणार नाही.

कोपरा थंड का राहतो? इथे तापवण्याचं मुख्य काम हवा करत नाही, किरणं करतात. शीटच्या मधल्या बिंदूला चारही बाजूंच्या हीटरच्या नळ्या 'दिसतात', कोपऱ्याला जेमतेम एका बाजूच्या. म्हणून नळ्या सारख्या अंतरावर लावल्या की शीट हमखास असमान तापते. कडेला दाट, मध्ये विरळ, असंच लावावं लागतं. त्यात फ्रेमचं थंड लोखंड कडेची उष्णता पिऊन टाकतं ते वेगळंच. रिकामी फ्रेम आधी दोन मिनिटं ओव्हनखाली धरून तापवा, मग शीट लावा (हातमोजे घालून).

आता माप. ओव्हन शीटपेक्षा सगळीकडून दोन इंच मोठा हवा, म्हणजे आतून १६ × २२ इंच. रूम हीटरमध्ये ४०० वॉटच्या क्वार्ट्झ नळ्या येतात, त्या सुट्या मिळतात. मुंबईत लोहार चाळीत किंवा तुमच्या गावातल्या हीटर दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. सहा नळ्या घ्या, एकूण २४०० वॉट. त्या १६ इंचाच्या बाजूला समांतर बसवा. एका कडेपासून अंतरं अशी: दीड इंच, साडेचार, पावणेनऊ, सव्वातेरा, साडेसतरा, साडेवीस. म्हणजे कडेचे गाळे तीन इंचांचे आणि मधला साडेचारचा. नळ्यांपासून शीट पाच इंच खाली ठेवा. नळी-शीट अंतर दोन नळ्यांमधल्या गाळ्यापेक्षा कमी झालं की शीटवर गरम-थंड पट्टे उमटतात. मधल्या दोन नळ्या वेगळ्या सर्किटवर घेऊन त्यांना सिमरस्टॅट (ताप कमी-जास्त करणारा स्विच) लावा. नळ्यांची टोकं साधारण थंड असतात आणि नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर दोन्ही लांब कडा उपाशी राहतात. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे जाळी. मधल्या पट्ट्यात, नळ्यांच्या दोन इंच खाली, स्टेनलेसच्या बारीक जाळीचा तुकडा टांगायचा. तो मधला ताप अडवतो. मग थोडा जास्त वेळ तापवलं की कडांची बरोबरी होते. जाळी कापून, दुहेरी करून, सरकवून हवा तसा नकाशा जुळवता येतो.

हा नकाशा बघायचा कसा? थर्मामीटर एका वेळी एकच ठिपका दाखवतो. एटीएमची पावती ज्या कागदावर येते तो थर्मल रोल स्टेशनरीच्या दुकानातून आणा, प्लायवूडवर पट्टे शेजारी शेजारी चिकटवा, ओव्हन दहा मिनिटं तापल्यावर शीटच्या जागी पाच-सहा सेकंद सरकवून बाहेर काढा. जिथे ताप जास्त तिथे कागद काळा पडतो, जिथे कमी तिथे पांढरा राहतो. कोपरे पांढरे दिसले की जाळी हलवायची आणि पुन्हा बघायचं. पाच-सहा फेऱ्यांत कागद सगळीकडे सारखा राखाडी यायला लागतो. आम्ही पंपावर घातलेला वेळ इथे घातला असता तर वाद एका संध्याकाळीत मिटला असता.

ओव्हनचं तोंड खाली ठेवा, पाटीसारखा उपडा. नळ्या खाली आणि शीट वर अशी रचना सोपी वाटते, पण शीटला झोळ पडला की ती थेट नळीवर टेकते. पॉलिस्टायरीन पेटलं की काळ्या काजळीसकट पेटतं. उपड्या ओव्हनमध्ये झोळ नळ्यांपासून लांब जातो. ओव्हनच्या खोक्याला साधा सीआरसी (जस्ताचा मुलामा नसलेला) पत्रा घ्या. जीआय नको, तापून जस्ताचा थर सुटतो. आतून नळ्यांच्या मागे आणि चारही भिंतींना ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा लावा, त्याने कडांना परावर्तित ताप मिळतो. बाहेरून २५ मिलिमीटर सिरॅमिक ब्लँकेट. ते कापताना मास्क लावा. कुणी ॲसबेस्टॉसचा तुकडा फुकट दिला तरी घेऊ नका.

थर्मोस्टॅट हवाच का, असं विचारतात. तो ओव्हनच्या हवेचं तापमान सांगतो, शीटचं नाही, त्यामुळे त्यावर विसंबून काही उपयोग नाही. शीटकडे बघा. हिप्स आधी लाटांसारखी वेडीवाकडी होते, कारण बनवताना तिच्यात राहिलेला ताण सुटतो. मग ती ताणून बसवलेल्या डफासारखी सपाट होते. इथे नवखे लोक घाई करतात. थांबा. त्यानंतर एकसारखा झोळ पडायला लागतो आणि या मापाच्या शीटला तो इंच-दीड इंच झाला की काढायची. दोन मिलिमीटरला दोन ते तीन मिनिटं लागतात. बाहेर काढल्यापासून पाच-सात सेकंदांत साच्यावर दाबून व्हॉल्व्ह उघडला नाही तर वरचा थर गोठायला लागतो. झोळ एका बाजूला पडला तर ओव्हन असमान आहे. झोळ जास्त झाला की साच्याच्या कोपऱ्यांशी चुण्या पडतात. दोन उंच साचे जवळजवळ ठेवले तरी तेच होतं, मध्ये उंचीच्या दीडपट-दुप्पट जागा सोडा.

एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या शीट हवेतली ओल धरतात. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, न वाळवता तापवलं की शीटभर बुडबुडे. एबीएस ८० अंशांवर दोन-चार तास, पॉलिकार्बोनेट १२० वर, जाडीप्रमाणे त्याहून जास्त वेळ. हिप्सला वाळवणं लागत नाही, म्हणून शिकायला तीच घ्या. पॉलिप्रॉपिलीनच्या वाटेला सध्या जाऊ नका, त्याची योग्य तापमानाची खिडकी फारच अरुंद आहे.

आता तुमचा पंप. व्हॅक्यूम क्लिनर साधारण १५ ते २० किलोपास्कल ओढतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पाचवा-सहावा हिस्सा. पण हवा भराभर उपसतो. मुखवटे, ट्रे, मखराचे मोठे भाग यांना तो पुरतो. फक्त बरेच घरगुती क्लिनर ओढलेल्या हवेवरच मोटर थंड ठेवतात, म्हणून तोंड बंद अवस्थेत १५-२० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. बारीक नक्षी हवी असेल तर टाकी लागते. ४० लिटरची टाकी ०.९ बार निर्वातापर्यंत रिकामी केली आणि शीटखाली सात-आठ लिटर हवा असेल, तर व्हॉल्व्ह उघडल्यावर ०.७५ बारच्या आसपास निर्वात उरतो. क्लिनरच्या चौपट. टाकी जुन्या एअर कॉम्प्रेसरची घ्या. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा चिपटून जाईल. फ्रिजचा कॉम्प्रेसर टाकी रिकामी करायला दहा मिनिटांच्या वर घेतो आणि त्यात गरम होतो, कारण त्याची मोटर गॅसवर थंड होते. थोडी विश्रांती देत चालवा. टाकी ते साच्याखालचं निर्वात खोकं ही नळी आणि बॉल व्हॉल्व्ह एक इंची हवेत. पाव इंची नळी लावली तर टाकीचा सगळा फायदा त्या नळीतच अडकतो.

या खोक्यावर किती भार येतो तेही मोजा. १२ × १८ इंच म्हणजे साधारण १४०० चौरस सेंटिमीटर. ०.७५ बारला हा भार हजार किलोच्या आसपास जातो. १८ मिलिमीटर प्लाय घ्या आणि आतून दर तीन-चार इंचांवर आधार द्या, हवेला वाट ठेवून. नुसत्या एमडीएफमधून हवा झिरपते, म्हणून खोक्याला तो वापरलात तर रंग द्या. साच्याला मात्र तोच गुण चांगला. साच्यात भोकं पाऊण ते एक मिलिमीटरची, खोलगट जागी आणि आतल्या कोपऱ्यांत. साच्याच्या बाजूंना उतार तीन ते पाच अंश. पीओपीचा साचा पूर्ण वाळू द्या. थर्मोकोलचा साचा पहिल्याच शीटखाली खचेल.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. २४०० वॉट म्हणजे साडेदहा अँपिअर, १६ अँपिअरचाच सॉकेट आणि अडीच स्क्वेअर एमएम वायर. ओव्हनच्या आत पीव्हीसी वायर नको, काचतंतूची स्लीव्ह असलेली घ्या. जोड सोल्डर करू नका, वितळतात. स्टेनलेस नट-बोल्ट लावा. पत्रा अर्थ करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. नळीच्या टोकांना हात लागला तर दुसरी संधी मिळत नाही. पीव्हीसी शीट, म्हणजे सनबोर्डही, जास्त तापली तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. त्या दिवशी खिडक्या उघड्या. आणि भंगारातल्या फ्रिजची नळी गॅस भरलेला असताना कापू नका, नव्या फ्रिजमधला आर-६००ए ज्वलनशील असतो.

आता जुन्या वादाबद्दल. पंपवाल्यांचं एक म्हणणं खरं आहे: चॉकलेटच्या साच्यातली दोन मिलिमीटरची अक्षरं क्लिनरवर कधीच धारदार येत नाहीत, ताव कितीही नीट द्या. पण ज्याला तेवढं बारीक काम करायचं असतं त्याने आधी थर्मल कागद सगळीकडे सारखा राखाडी करून दाखवावा आणि मग कॉम्प्रेसरचं बोलावं. आमच्याकडे अजून एक जण 'मोठा पंप घेतला असता तर' म्हणतो. त्याच्याच ओव्हनचा कागद मी जपून ठेवलाय, चारही कोपरे पांढरेफटक.